विश्लेषण : सर्व्हर धडधाकट, तारीख मात्र उलटलेली! व्हर्च्युअल मशीनचा कारभार ‘सर्टिफिकेट’मुळे का अडतो?

‘सर्व्हर डाऊन आसा, फाल्या येवा.’ दाखला, सातबारा किंवा पीककर्जाचे काम घेऊन मांगेली, तळकट, कोलझर, घोटगेवाडीहून एसटीने दोडामार्गच्या बाजारपेठेत आलेल्या माणसासाठी या एका वाक्याची किंमत म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि परतीचे तिकीट. सर्व्हर बंद पडण्याची कारणे अनेक असतात. वीज जाते, केबल तुटते, एकाच वेळी फार लोक येतात. एका कारणाची चर्चा मात्र सहसा होत नाही. यंत्र धडधाकट असते, वीज असते, इंटरनेटही असते. फक्त आत कुठेतरी ठेवलेल्या एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत आदल्या रात्री संपलेली असते. मायक्रोसॉफ्ट, व्हीएमवेअर, एरिक्सन अशा बड्या कंपन्या एका तारखेपायी तोंडघशी पडल्या आहेत. व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही गफलत जास्त महागात पडते, कारण तिथे एकाच कुलपामागे दहा-वीस सर्व्हर असतात.

पडद्यावरचे आकडे काय सांगतात?

५००, ५०२, ५०३, ५०४ हे आकडे बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलेले असतात आणि पाहून पान बंद केलेले असते. त्यांचा अर्थ तसा सोपा आहे. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे सर्व्हरच्या मते मागणाऱ्याच्या मागणीत खोट आहे. ५ ने सुरू होणारा म्हणजे मागणी ठीक, घोळ सर्व्हरच्या बाजूला. कार्यालयातल्या खिडकीशी तुलना केली तर ४०४ म्हणजे ‘असा कागद आमच्याकडे नाही’. ५०० म्हणजे अर्ज घेतला, पण आत काहीतरी बिनसले आणि काय बिनसले ते खिडकीवरच्यालाही सांगता येत नाही. ५०२ म्हणजे खिडकीवरच्याने आत विचारले आणि भलतेच उत्तर आले. ५०४ म्हणजे विचारले, वाट पाहिली, उत्तरच आले नाही. आणि ५०३ म्हणजे ‘सध्या काम बंद’.

यातला ५०३ सर्वांत फसवा. सर्व्हर नुकताच सुरू होत असेल तरी तोच आकडा, डिस्क भरली तरी तोच, आणि सर्टिफिकेट संपले तरी तोच. ताप साधा आहे की माकडताप, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, हे दोडामार्ग-बांदा पट्ट्यातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. ५०३ हा तसाच ताप आहे.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय आणि तिला ‘कंट्रोलर’ कशाला?

एका दणकट संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या साह्याने अनेक स्वतंत्र संगणक चालवता येतात. प्रत्येकाला मेमरी, डिस्क आणि नेटवर्कचा आपापला वाटा मिळतो. एकावर पतसंस्थेची खाती, दुसऱ्यावर कर्मचाऱ्यांची हजेरी, तिसऱ्यावर सीसीटीव्हीची नोंद. लोखंडी पेटी मात्र एकच. पेटीतल्या या प्रत्येक आभासी संगणकाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एनआयसीने २०१४ मध्ये सुरू केलेले सरकारी ‘मेघराज’ क्लाऊड याच तत्त्वावर चालते, आणि जगातले जवळपास सगळे मोठे क्लाऊडही.

अशा पेट्या दोन-चार झाल्या की त्यांच्यावर देखरेख करणारे वेगळे सॉफ्टवेअर लागते. व्हीएमवेअरचे ‘व्हीसेंटर’ त्यातले सर्वाधिक परिचित. मायक्रोसॉफ्टच्या ‘हायपर-व्ही’लाही असे व्यवस्थापक आहेत, आणि ऑस्ट्रियात तयार झालेल्या मुक्त ‘प्रॉक्समॉक्स’मध्ये तो आतच बसवलेला असतो.

सावंतवाडी आगारातला वाहतूक नियंत्रक डोळ्यांपुढे आणा. त्याची केबिन बंद झाली म्हणून रस्त्यावर असलेल्या गाड्या जागच्या जागी थांबत नाहीत. पण नवी गाडी सुटत नाही, बिघडलेल्या गाडीच्या जागी दुसरी पाठवता येत नाही, चालक बदलता येत नाही. व्हीसेंटर बंद पडले की नेमके हेच होते. चालू असलेल्या व्हर्च्युअल मशीन चालूच राहतात. एखादी पेटी बंद पडली तर तिच्यातल्या मशीन दुसरीवर सुरू करण्याची सोय आधी लावून ठेवली असेल, तर तीही व्हीसेंटरविना काम करते. चालती मशीन एका पेटीवरून दुसरीवर हलवणे, नवी तयार करणे, बहुतेक बॅकअप या गोष्टी मात्र थांबतात.

हे आधीच सांगण्याचे कारण असे, की अशा वेळी खरे नुकसान सर्टिफिकेटमुळे कमी आणि त्यानंतरच्या घाईमुळे जास्त होते. गाड्या रस्त्यावर धावत आहेत हे लक्षात न घेता आगाराचाच वीजपुरवठा बंद करणारे महाभाग असतात.

सर्टिफिकेट संपते म्हणजे काय संपते?

पीयूसीची मुदत संपली म्हणून गाडीचे इंजिन बंद पडत नाही. गाडी काल धावत होती तशीच आज धावते. अडते ती नाक्यावर. दोडामार्गातून गोव्यात कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला हा फरक ठाऊक आहे. डिजिटल सर्टिफिकेटचेही तसेच. सर्व्हर कोण आहे, त्याची किल्ली कोणती, ओळख कोणी दिली आणि ती कधीपासून कधीपर्यंत चालेल, एवढाच मजकूर त्यात असतो. समोरचा संगणक जोडणीपूर्वी ते तपासतो. तारीख उलटली असेल तर बोलणी तिथेच संपतात.

व्हीसेंटरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये असा नाका फक्त दारात नसतो. त्याच्या आत अनेक लहान सेवा असतात आणि त्या एकमेकींशी बोलतानाही प्रत्येक वेळी ओळखपत्र दाखवतात. त्यामुळे बाहेरचे दार उघडे, आणि आतल्या आत मात्र कोणीच कोणाला ओळखत नाही, अशी विचित्र अवस्था येते.

मग ही मुदत ठेवायचीच कशाला? कारण किल्ली चोरीला जाऊ शकते आणि ओळखपत्र चुकीच्या माणसाला दिले जाऊ शकते. आपल्याकडचेच उदाहरण जुलै २०१४ चे. एनआयसीच्या अधिकारात येणाऱ्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गुगलच्या संकेतस्थळांच्या नावाने अनधिकृत सर्टिफिकेट दिली गेल्याचे गुगलला आढळले. भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांनी एनआयसीची संबंधित सर्टिफिकेट रद्द केली आणि गुगलने क्रोममध्ये भारतीय यंत्रणेवरचा विश्वास मोजक्या भारतीय संकेतस्थळांपुरता मर्यादित केला. अशी चुकीची ओळखपत्रे आपोआप बाद व्हावीत, यासाठी मुदत हवीच.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी काय झाले?

या विषयातले सर्वांत बोलके प्रकरण मायक्रोसॉफ्टच्या ‘अझुर’ क्लाऊडचे आहे. तिथे प्रत्येक नवी व्हर्च्युअल मशीन सुरू होताना तिच्यातला एक छोटा प्रोग्राम स्वतःसाठी सर्टिफिकेट तयार करत असे. मुदत एक वर्षाची. शेवटची तारीख काढायची पद्धत साधी होती : आजची तारीख घ्यायची आणि वर्षात एक मिळवायचा. वर्षातले ३६५ दिवस हे गणित जमले. पण २०१२ लीप वर्ष. जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, २९ फेब्रुवारी उजाडली आणि प्रोग्रामने मुदतीची तारीख काढली २९ फेब्रुवारी २०१३. अशी तारीखच नाही. सर्टिफिकेट तयार झाले नाही, प्रोग्राम बंद पडला.

पुढची साखळी पाहण्यासारखी आहे. मशीन उठत नाही म्हणून पेटीवरचा देखरेख प्रोग्राम २५ मिनिटे वाट पाही, मग नव्याने सुरू करून पाही. तीनदा अपयश आले की त्याचा निष्कर्ष ठरलेला : पेटीच बिघडली. मग तिच्यावरचे काम दुसऱ्या पेटीकडे पाठवायचे. तिथेही मशीन नव्याने सुरू होणार, तिथेही तीच तारीख, तिथेही तीन वेळा अपयश. अशा रीतीने धडधाकट पेट्या एकामागून एक ‘नादुरुस्त’ ठरत गेल्या. २५ मिनिटे गुणिले तीन म्हणजे ७५ मिनिटे, आणि पहिला धोक्याचा इशारा बरोबर तेवढ्याच वेळाने, आपल्याकडच्या पावणेसातला वाजला. दोष सापडायला आठ वाजले.

अभियंत्यांनी तेव्हा एक शहाणपणाचे काम केले. त्यांनी जगभरातला ‘कंट्रोलर’च बंद केला. ग्राहकांना नवी मशीन सुरू करता येईना, पण चालू असलेल्या मशीन वाचल्या, कारण त्यांना नव्याने उठवण्याचा आदेश देणारे कोणी उरले नाही. गडबड झाली ती नंतर. आधीपासून अद्ययावत होत असलेल्या सात समूहांवर घाईने दुरुस्ती चढवली गेली, तीत दोन न जुळणाऱ्या आवृत्त्या एकत्र आल्या आणि तोवर सुखरूप असलेल्या मशीनचे नेटवर्कही तुटले. मायक्रोसॉफ्टने त्या महिन्याच्या बिलात ग्राहकांना ३३ टक्के सूट दिली आणि सगळा घटनाक्रम जाहीर केला. तांत्रिक काम करणाऱ्या तरुणांनी तो मुळातून वाचावा असा आहे.

घड्याळ मागे नेले तर?

चार वर्षे आधी, १२ ऑगस्ट २००८ रोजी व्हीएमवेअरच्या ग्राहकांवर असाच प्रसंग आला होता. ‘ईएसएक्स ३.५’ या आवृत्तीच्या दुसऱ्या अपडेटमध्ये चाचणीच्या काळातली मुदतीची अट चुकून तशीच राहिली होती. त्या दिवशी तारीख बदलताच परवाना संपल्याचे समजून सॉफ्टवेअर नव्या मशीन सुरू करेना. चालू असलेल्या मशीन चालत होत्या. बंद केलेली मशीन पुन्हा उठत नव्हती. पूर्वेकडे दिवस आधी उजाडतो, त्यामुळे पहिला फटका त्या बाजूच्या देशांना बसला. नुकतेच सूत्रे घेतलेले मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल मारिट्झ यांना जाहीर माफी मागावी लागली.

पॅच येईपर्यंतचा तात्पुरता उपाय होता सर्व्हरचे घड्याळ दोन दिवस मागे नेण्याचा. सर्टिफिकेट संपल्यावर हाच सल्ला आजही कानावर येतो, आणि कधीकधी तो चालतोही. पण पेटीचे घड्याळ मागे नेले की तिच्यातल्या मशीनही बहुधा तीच वेळ घेतात. मग पतसंस्थेतला आजचा भरणा परवाच्या तारखेला पडतो, हजेरीत माणूस उद्याचा आणि कालचा एकाच वेळी दिसतो. आर्थिक नोंदी असलेल्या सर्व्हरवर हा उपाय करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. करायचाच तर मशीनची वेळ पेटीपासून आधी तोडून, आणि केवळ नवे सर्टिफिकेट बसेपर्यंत.

व्हीसेंटरमधला ‘दोन वर्षांचा सापळा’ कोणता?

व्हीसेंटरमध्ये ‘एसटीएस’ नावाची एक सेवा असते. कोणीही लॉगिन केले, किंवा आतली एक सेवा दुसरीशी बोलू लागली, की एसटीएस तिला शिक्का मारलेले टोकन देते. हा शिक्काही एका सर्टिफिकेटवर चालतो. २०१८ मध्ये आलेल्या ६.५ मालिकेच्या दुसऱ्या अपडेटपासून काही आवृत्त्यांत, नव्याने बसवलेल्या व्हीसेंटरमध्ये या शिक्क्याची मुदत अवघी दोन वर्षे होती आणि ती संपत आल्याचा कोणताही इशारा पडद्यावर येत नसे. त्यामुळे २०२० पासून, म्हणजे ऐन लॉकडाऊनच्या वर्षात, काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारी व्हीसेंटर सकाळी लॉगिन घेईनाशी झाली. कोठे ५०३, कोठे ५००, तर कोठे ‘४००, साइनिंग सर्टिफिकेट वैध नाही’ असा स्पष्ट संदेश. पुढच्या आवृत्त्यांत ही मुदत दहा वर्षांची झाली आणि इशाराही आला. पण जुन्या आवृत्त्या अजूनही अनेक ठिकाणी चालतात.

या सापळ्यातली खरी मेख वेगळीच आहे. ब्राउजरमधल्या कुलपाच्या चिन्हावर बोट ठेवले तर सर्टिफिकेटची तारीख दिसते, पण ती फक्त दर्शनी दाराची. एसटीएसचे सर्टिफिकेट आत असते, ते तिथे दिसतच नाही. दारावरची तारीख २०३० ची असेल आणि आतला शिक्का कालच संपलेला असेल. ‘सर्टिफिकेट तर ठीक आहे’ म्हणून तंत्रज्ञ भलतीकडे शोधत राहतो, तो यामुळे.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची?

पहिली गोष्ट न करण्याची आहे : लगेच रीस्टार्ट करू नये. मुदत संपल्यानंतरही काही सेवा आधीच्या ओळखीवर कशाबशा चालत असतात. रीस्टार्ट केले की त्यांना नव्याने ओळख पटवावी लागते आणि त्याही बसतात.

मग स्वस्त कारणे आधी तपासावीत. डिस्क भरली आहे का, विशेषतः जिथे लॉग साठतात तो भाग? घड्याळ बरोबर आहे का? सर्व्हरचे नाव आणि पत्ता जुळतो का? व्हीसेंटरचे स्वतःचे देखभालीचे पान नेहमीच्या पत्त्यावर नसते, ते पोर्ट ५४८० वर उघडते. मुख्य पडदा बंद असला तरी ते बऱ्याचदा चालते आणि डिस्कची अवस्था तिथे कळते. अलीकडच्या आवृत्त्यांत त्याच्या ‘रूट’ पासवर्डचीही मुदत असते, मूळ मांडणीत ९० दिवसांची. पासवर्ड संपलेला असतो आणि शोध सर्टिफिकेटचा चालतो, हा प्रकारही दुर्मीळ नाही.

सर्टिफिकेटच संपले आहे हे पक्के झाले, की बदल करण्याआधी परतीची वाट राखावी. व्हीसेंटर हीसुद्धा बहुधा एक व्हर्च्युअल मशीनच असते. ती ज्या पेटीवर चालते तिच्यात थेट लॉगिन करून, मशीन रीतसर बंद करून तिचा स्नॅपशॉट घेता येतो. वरच्या ‘रीस्टार्ट नको’शी हे विसंगत वाटेल, पण नाही. निदान झाल्यावर ठरवून बंद करणे वेगळे आणि अंदाजाने बंद-चालू करणे वेगळे. दोन व्हीसेंटर एकमेकांशी जोडलेली असतील तर दोन्ही एकाच वेळी बंद करून दोन्हींचे स्नॅपशॉट घ्यावेत. एकच मागे नेले तर दोघांच्या नोंदी जुळत नाहीत.

मग नेमके संपले आहे तेवढेच बदलावे. एसटीएससाठी व्हीएमवेअरने तपासणारी आणि दुरुस्त करणारी अशा दोन वेगळ्या स्क्रिप्ट दिल्या आहेत. व्हीसेंटरमध्ये सर्टिफिकेटसाठी जी आठ पर्यायांची यादी येते, तिचा आठवा पर्याय सगळी सर्टिफिकेट एका फटक्यात नवी करतो. तो मोहात पाडणारा आहे. पण दर्शनी सर्टिफिकेट बदलले की व्हीसेंटरला जोडलेले बॅकअप सॉफ्टवेअर आणि इतर उपकरणे त्याला अनोळखी समजू लागतात, आणि प्रत्येकाशी नव्याने ओळख करून द्यावी लागते. घराचे एक कुलूप गंजले म्हणून सगळीच बदलली, तर किल्ल्याही सगळ्यांना नव्या द्याव्या लागतात.

नवे सर्टिफिकेट बसल्यावर सगळ्या सेवा पुन्हा सुरू कराव्या लागतात. त्याला दहा-पंधरा मिनिटे सहज जातात आणि तेवढा वेळ पडद्यावर ५०३ च दिसतो. तो बघून ‘दुरुस्ती फसली’ असे समजून पुन्हा सगळे उलटेपालटे करू नये. चहा घ्यावा.

लॉगिन झाले म्हणजे काम संपले, असेही नाही. त्या रात्रीचा बॅकअप झाला की नाही, हे दुसऱ्या सकाळी डोळ्यांनी पाहावे. बॅकअप सॉफ्टवेअरच्या स्मरणात जुनीच ओळख असेल तर ते गुपचूप अपयशी होत राहते आणि ते कळते थेट डेटा परत हवा असेल तेव्हा. अमेरिकेतल्या ‘इक्विफॅक्स’ या पतमाहिती कंपनीचे प्रकरण याच जातीचे. येणारी-जाणारी माहिती तपासणाऱ्या तिच्या उपकरणाचे सर्टिफिकेट १९ महिने संपलेले होते. उपकरण बंद पडले नाही, फक्त आंधळे झाले. २०१७ मध्ये चोर ७६ दिवस आत होते. जुलैअखेर नवे सर्टिफिकेट बसवताच संशयास्पद हालचाल दिसली, पण तोवर सुमारे १४ कोटी ८० लाख लोकांची माहिती गेली होती.

पावसाळा, वीज आणि बटनाएवढा सेल

कोकणात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सर्टिफिकेटला फक्त शेवटची तारीख नसते, सुरुवातीचीही असते. सर्व्हरचे घड्याळ मागे पडले तर त्याला कालपर्यंतचे चांगले सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालेले नाही’ असे वाटते आणि तो ते नाकारतो.

घड्याळ मागे कसे पडते? संगणकाच्या आत, मदरबोर्डवर बटनाएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालते. चार-पाच वर्षांत तो संपतो, पण वीज अखंड असली तर कळत नाही. जून-जुलैत तिलारी पट्ट्यात झाड पडून तारा तुटतात, वीज तासन्‌तास जाते, इन्व्हर्टर दम सोडतो आणि सर्व्हर पूर्ण बंद होतो. वीज आल्यावर तो उठतो, ते कित्येक वर्षांपूर्वीच्या तारखेला. त्याच वेळी इंटरनेटही नसेल तर वेळ दुरुस्त करून घ्यायला तो कोणाला विचारणार? मग लॉगिन होत नाही आणि निदान निघते ‘सर्व्हर गेला’. प्रत्यक्षात गेलेला असतो किरकोळ किमतीचा सेल. पावसाळ्यापूर्वी छपराची कौले परततो, तेव्हाच हा सेल बदलून घ्यावा.

वेळ जुळवण्याचा मुद्दा आता नियमाचाही आहे. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपल्या संगणकांची वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा तिच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवून ठेवायची आहे.

लहान संस्थांनी काय करायचे?

तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या पतसंस्थेला, महाविद्यालयाला किंवा काजू कारखान्याला पूर्णवेळ संगणक अभियंता परवडत नाही. सावंतवाडीहून किंवा गोव्यातून कोणीतरी येतो, मांडून देतो आणि जातो. दोन वर्षांनी मुदत संपते तेव्हा त्याचा फोन लागेलच असे नाही.

त्यात ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअर विकत घेतल्यावर एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची सोय बंद झाली. व्हीस्फिअर ६.५ आणि ६.७ चा सर्वसाधारण पाठिंबा १५ ऑक्टोबर २०२२ ला आणि ७ चा २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्यांना कंपनीकडून हक्काची मदत मिळणे त्यामुळे अवघड झाले आहे.

प्रॉक्समॉक्सकडे वळणाऱ्यांची संख्या वाढण्याचे हे एक कारण. तिथे पेटीचे सर्टिफिकेट दोन वर्षांचे असते, पण मुदत संपण्याच्या दोन आठवडे आधी ते आपोआप नवे होते. मूळ अधिकार-सर्टिफिकेट दहा वर्षांचे. लॉगिन केल्यावर मिळणाऱ्या परवानगीला तिथे चक्क ‘तिकीट’ म्हणतात आणि ते दोन तास चालते. दोन पेट्यांच्या घड्याळांत फरक पडला की एकीने दिलेले तिकीट दुसरी फाडून टाकते आणि ४०१ दिसतो. तेव्हा सर्टिफिकेटला हात लावण्याआधी घड्याळे जुळवावीत.

या स्वतःच तयार केलेल्या सर्टिफिकेटचा एक तोटा आहे. ब्राउजर त्यांना कधीच ओळखत नाही आणि पहिल्या दिवसापासून लाल इशारा दाखवतो. ‘तरीही पुढे जा’ दाबायची सवय लागते. दोन वर्षांनी इशारा खरा असतो तेव्हाही बोट तिथेच जाते.

मोबाइलवर इशारा दिसला तर?

‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ असे पान आले तर आधी फोनची तारीख-वेळ पाहावी आणि ती ‘आपोआप’वर ठेवावी. एकाच फोनवर सगळीच संकेतस्थळे अडत असतील तर दोष बहुधा फोनचा. एकच संकेतस्थळ सगळ्यांच्या फोनवर अडत असेल तर दोष त्यांचा. वाट पाहावी. बँक, यूपीआय, आधार यांच्या पानावर ‘तरीही पुढे जा’ कधीही दाबू नये. इशारा मुदतीचा असू शकतो आणि मध्ये कोणीतरी कान लावून बसल्याचाही. फोनला त्यातला फरक नेहमी सांगता येत नाही.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचा गोंधळ थोडा वेगळा. पीडीएफ उघडल्यावर सहीवर प्रश्नचिन्ह दिसते म्हणून तो बनावट ठरत नाही. ज्या भारतीय यंत्रणेने सहीचे सर्टिफिकेट दिले तिला ते ॲप ओळखत नाही, एवढाच बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो. उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून खात्री करता येते.

पुढे काय?

मुदती आणखी आखूड होणार आहेत. ब्राउजर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये तसे ठरवले. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणे ४ जून २०२५ पासून बंद केले. वर्षातून एकदा आठवणीने करायचे काम दीड महिन्याने करायचे झाले, तर ते यंत्राकडेच सोपवावे लागेल. व्हीसेंटर, प्रॉक्समॉक्स यांच्या आतल्या स्वतःच्या सर्टिफिकेटना ही मर्यादा लागू नाही. तिथल्या मुदती ज्याने-त्यानेच लक्षात ठेवायच्या आहेत.

मोठ्यांनाही ते जमतेच असे नाही. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले एक सर्टिफिकेट संपले आणि ब्रिटनमध्ये ‘ओटू’च्या जाळ्यावरच्या सुमारे ३ कोटी २० लाख ग्राहकांचा मोबाइल डेटा बंद पडला, जपानमध्ये सॉफ्टबँकची सेवा चार तासांहून अधिक काळ कोलमडली. आता २०११ साली दिलेली मायक्रोसॉफ्टची ‘सिक्युअर बूट’ सर्टिफिकेट जून २०२६ पासून संपायला लागणार आहेत. ती सर्टिफिकेट घरच्या लॅपटॉपमध्येही आहेत आणि व्हर्च्युअल मशीनमध्येही. संगणक त्या दिवशी बंद पडणार नाहीत, पण अपडेट न केलेल्यांना सुरू होण्याच्या टप्प्यावरचे पुढचे सुरक्षा-बदल मिळणार नाहीत.

व्हीसेंटर आता ३० दिवस आधी इशारा देते. पण तो इशारा त्याच पडद्यावर येतो, जो सगळे सुरळीत असताना महिनोन्‌महिने कोणी उघडत नाही. त्यामुळे सर्व्हर मांडून देणाऱ्याकडून प्रत्येक सर्टिफिकेटची शेवटची तारीख, आतल्यांसह, कागदावर लिहून घ्यावी, तो कागद सर्व्हरच्या पेटीवरच चिकटवावा आणि तारीख संस्थेतल्या दोन जणांच्या मोबाइलमध्ये दीड महिना आधीच्या स्मरणासह टाकावी. ती तारीख चतुर्थीच्या दिवसांत पडत असेल तर काम श्रावणातच उरकावे. त्या आठवड्यात दोडामार्गात काय नि म्हापशात काय, तंत्रज्ञ आपल्या घरच्या गणपतीपुढे असतो.